कोलिब्री: सातवीच्या गणितात आठ महिने वापरल्यानंतर

मी नाशिकला मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांना लागून असलेल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते. सातवीचा वर्ग, पटावर ४८ मुलं. जूनच्या शेवटी वर्गात कोलिब्री हे नेटशिवाय धडे आणि सराव देणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, आता फेब्रुवारी संपत आलाय. पहिल्याच महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर व्हिडिओंचं कौतुक केलं असतं. आज व्हिडिओंबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. मला सांगायचंय ते मुलांच्या चुकलेल्या उत्तरांबद्दल.

आधी कोलिब्री काय आहे ते. आमच्याकडे नेट येतं-जातं. गेल्या वर्षी रस्त्याच्या कामात केबल तुटली, ती जोडायला सव्वा महिना गेला. त्यामुळे नेटवर चालणारं काहीही घेतलं तरी ते महिन्यातले निम्मे दिवस बंदच राहणार, हे मला दिसत होतं. कोलिब्रीला नेट लागतं ते एकदाच, धडे उतरवून घेताना. मग ते शाळेतल्या एका कॉम्प्युटरवर ठेवायचे, साध्या राउटरला टॅब जोडायचे, ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, की काम सुरू. लर्निंग इक्वॅलिटी ही ना-नफा संस्था ते बनवते. पैसे पडत नाहीत. खान अकॅडमी या फुकट ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेचे धडे नेटशिवाय चालावेत म्हणून २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या विद्यार्थ्यांनी केए लाइट तयार केलं होतं, त्याचंच हे पुढचं रूप.

आमची जुळवाजुळव साधी आहे. लॅबमधला ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, माझ्या घरचा पडून असलेला राउटर आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेले १२ टॅब. त्यामुळे वर्गाचे चार गट केले. एक गट टॅबवर, बाकीचे तीन गट वहीत, असं आळीपाळीनं. तास ३५ मिनिटांचा. पहिल्या आठवड्यात त्यातली १५ मिनिटं लॉगिनमध्येच जायची, कारण निम्मी मुलं पासवर्ड विसरून यायची. मग मुलांना पासवर्डशिवाय आत येऊ देण्याची सेटिंग सापडली. आता हजेरी क्रमांक टाकला की मूल आपल्या जागी पोचतं, दोन मिनिटंही लागत नाहीत. टॅब चार्ज करून ठेवण्याचं काम आमच्या शिपाईमामांनी स्वतःहून अंगावर घेतलं. मधल्या सुट्टीत ते एक्स्टेन्शन बोर्ड लावून बसतात. मामा रजेवर असले की त्या दिवशी टॅबचा तास होत नाही, हे लिहायलाच हवं.

आता मुख्य गोष्ट. जुलैमध्ये दुसरं प्रकरण चालू होतं, पूर्णांक संख्यांचा गुणाकार व भागाकार. गुणाकार शिकवून झाला होता, म्हणून मागची उजळणी म्हणून बेरीज-वजाबाकीचा सराव दिला. संध्याकाळी शिक्षकाच्या लॉगिनमधून रिपोर्ट उघडला. त्यात जास्त मुलांचे चुकलेले प्रश्न वेगळे काढलेले असतात, आणि प्रश्नावर बोट ठेवलं की कोणत्या मुलानं काय उत्तर दिलं तेही दिसतं. प्रश्न होता −३ − ५. बारापैकी सात जणांनी उत्तर दिलं होतं ८.

मी त्या आठाकडे बघत बसले. ‘ऋण ऋण धन’. गुणाकाराचा नियम मी आठवडाभर वर्गाकडून घोकून घेतला होता, आणि मुलांनी तो इमानदारीत वजाबाकीला लावला होता. दोन ऋण चिन्हं दिसली की उत्तर धन. मुलांचं लक्ष नव्हतं असं नाही. उलट, ज्यांनी माझं नीट ऐकलं होतं त्यांचंच चुकलं होतं. मी १४ वर्षं हा नियम असाच म्हणून घेतेय.

ही चूक मी वह्यांमध्ये आधी पाहिली नसेल का? शेकडो वेळा पाहिली असणार. लाल पेनानं फुली मारली असणार आणि पान उलटलं असणार. वही तपासताना एका वेळी एकच मूल समोर असतं. ४८ वह्यांपैकी तिसाव्या वहीतला ८ पाहताना पाचव्या वहीतला ८ लक्षात राहत नाही. रिपोर्टमध्ये ते एकाखाली एक आले म्हणून मला दिसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर किराणा दुकानाची उधारी मांडली. तीन रुपये देणं आहे, आणखी पाच रुपयांचं सामान उधार घेतलं, आता देणं किती? हात वर आले. ‘ऋण ऋण धन’ एकटं म्हणायचंच नाही, ‘गुणाकारात’ हा शब्द पुढे जोडूनच म्हणायचं, असं वर्गात ठरवलं. उरलेल्या तीन गटांना सराव दिला तो हे सगळं झाल्यावर. त्यांच्यातही ८ आला, पण दोघा-तिघांचाच.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी छोटा सराव, मग रिपोर्ट, मग शिकवणं. व्हिडिओ बहुतेक वेळा लागतच नाही. समोर मी उभी असताना मुलांनी कानाला हेडफोन लावून दुसऱ्याचा आवाज का ऐकावा, असा प्रश्न मला पडतो. गैरहजर राहिलेल्या मुलाला धडा बघायला व्हिडिओ चांगला, तेवढ्यापुरता मी वापरते.

रिपोर्टमुळे मुलांबद्दलची माझी दोन-तीन मतंही खोटी ठरली. एक मुलगा कायम हात वर करतो, पटकन उत्तर देतो. त्याच्या सरावात जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला दिव्याचं चिन्ह होतं, म्हणजे त्यानं सूचना उघडून पुढच्या पायऱ्या पाहिल्या होत्या. सूचना पाहिली की ते उत्तर बरोबरमध्ये धरत नाहीत, म्हणून त्याचा सराव पुढे सरकत नव्हता आणि तो माझ्याकडे टॅब खराब असल्याची तक्रार करत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी वर्षभरात स्वतःहून एक शब्द बोललेली नाही. तिला मी ‘कच्ची’ धरून चालले होते. तिच्या ओळीत फुली, फुली, फुली, मग बरोबर. पुढच्या प्रश्नात फुली, मग बरोबर. मग सलग बरोबर. एकही सूचना नाही. तासाच्या ३५ मिनिटांत ती पोरगी एकटीनं लढून पुढे गेली होती आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकापाशी जाऊन, हळू आवाजात, मी तिला तिची ओळ दाखवली.

भाषेबद्दल सविस्तर लिहिते, कारण मराठी शाळांना इथेच ठेच लागणार आहे. कोलिब्रीचा मेनू मराठीत करता येतो. पण सरावासाठी मी उतरवलं ते खान अकॅडमीचं हिंदी चॅनेल, म्हणजे धड्यांचा आणि सरावाचा संच. मुलांना हिंदी समजते, टीव्हीवर रोज ऐकतात, अडणार नाही असं वाटलं. रोजची हिंदी समजली तरी गणितातली हिंदी वेगळी असते. आपला अपूर्णांक तिकडे ‘भिन्न’, आपला छेद तिकडे ‘हर’. ‘मॅडम, हर म्हणजे हरणं का?’ हा पहिल्याच दिवशीचा प्रश्न. चल म्हणजे ‘चर’, घनफळ म्हणजे ‘आयतन’, काटकोन म्हणजे ‘समकोण’. हे निदान अनोळखी शब्द आहेत, मूल थांबतं आणि विचारतं. खरा घोटाळा ओळखीच्या शब्दांचा. हिंदीत चौरसाला ‘वर्ग’ म्हणतात. परिमिती व क्षेत्रफळाच्या प्रकरणात ‘वर्ग का क्षेत्रफल’ असं आलं, तर आमच्या मुलांनी दिलेल्या संख्येचा नुसता वर्ग केला. चौरसाची बाजू दिलेली असेल तर उत्तर बरोबरही येतं, म्हणून ही चूक लपून राहते. परिमिती दिलेली असली की उघडी पडते. तसंच ‘कर्ण’. आपण काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरच्या बाजूलाही कर्ण म्हणतो आणि चौकोनातल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषाखंडालाही कर्णच म्हणतो. हिंदीत पहिला कर्ण आणि दुसरा ‘विकर्ण’. पायथागोरसच्या प्रकरणात आयताचा विकर्ण काढा म्हटल्यावर अर्धा वर्ग गप्प.

मग मुलांनीच एक तक्ता केला. डावीकडे बालभारतीच्या पुस्तकातला शब्द, उजवीकडे टॅबवरचा. नवीन शब्द ज्याला सापडेल त्यानं तो स्केचपेननं लिहायचा. तक्ता आता खिडकीच्या खालपर्यंत आलाय. शिवाय कोलिब्री स्टुडिओ म्हणून एक भाग आहे, तिथे आपले प्रश्न, आपली पीडीएफ, आपले व्हिडिओ घालून स्वतःचं चॅनेल बनवता येतं आणि पेन ड्राइव्हवरून शाळेच्या कॉम्प्युटरवर आणता येतं. त्यात मी बालभारतीच्या शब्दांत साठेक प्रश्न बनवलेत. मसावि-लसाविचे, समप्रमाण-व्यस्तप्रमाणाचे, सरळव्याजाचे. द्राक्षाच्या पेट्या, मजुरांचे दिवस, सोसायटीचं कर्ज. हे काम रविवारी घरी बसून होतं. शाळेत त्यासाठी मोकळा तास मिळत नाही, आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आधीच पाठीवर असतात. हा वेळ द्यायची तयारी नसेल तर हिंदी चॅनेल आणि भिंतीवरचा तक्ता यांवरही भागतं, पण आपल्या शब्दांतला प्रश्न दिसल्यावर मुलांचे चेहरे उजळतात, ते मी पाहिलंय.

ऑक्टोबरमध्ये मोठा फटका बसला. दुपारी लाइट गेली, डेस्कटॉप धाडकन बंद झाला, आणि नंतर हार्ड डिस्क सुरूच झाली नाही. धडे पुन्हा उतरवता आले, पण तीन महिन्यांचे रिपोर्ट गेले. त्या मागच्या बाकावरच्या मुलीची ओळही गेली. मला रडू आलं. दुसरी प्रत ठेवली नव्हती, चूक माझी. शाळेनं यूपीएस घेतला. कोलिब्रीत दोन मशीन एकाच राउटरवर असतील तर एकाची माहिती दुसऱ्यावर उतरवता येते, नेट लागत नाही. आता दर शनिवारी शाळा सुटताना माझ्या लॅपटॉपवर ती घेते. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच हे करावं.

नोव्हेंबरमध्ये वर्गात एक नवी मुलगी आली. ऑक्टोबर छाटणीपासून पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं इथल्या बागांवर कामाला येतात, छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी करत काढणीपर्यंत थांबतात. ही तशीच, स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत शिकता यावं म्हणून मिळणारं शिक्षण हमी कार्ड घेऊन आलेली. सातवीत बसवली, पण अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायची. १/२ आणि १/३ मिळून २/५. आधीच्या वर्षांत अशा मुलांसाठी मी वेगळी वही केलेली आहे, आणि वेगळी वही कुणाची हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. कोलिब्रीत एका मुलापुरता वेगळा धडा देता येतो. बाकीच्यांच्या टॅबवर परिमेय संख्या, तिच्या टॅबवर समान छेदाचे अपूर्णांक. बाहेरून टॅब सगळे सारखेच. ती रांगेत बसली, शेजारणीशी बोलली, कुणी काही विचारलं नाही. समान छेद झाले, मग सममूल्य अपूर्णांक झाले. मध्ये बागेवर डिपिंगचं काम होतं तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला थांबली, १६ दिवस आली नाही. आली तेव्हा जिथं सोडलं होतं तिथूनच सराव उघडला. तिला मधलं काहीच बुडाल्यासारखं वाटलं नाही.

काय होत नाही तेही सांगते. रिपोर्टमध्ये उत्तर दिसतं, पायऱ्या दिसत नाहीत. मूल आधी कुठं घसरलं हे शोधायला शेवटी कच्च्या कामाची वही लागतेच, म्हणून टॅबशेजारी वही उघडी ठेवायची हा आमच्याकडे नियम आहे. भूमितीतली सिद्धता यावर होणार नाही. दहावीच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे मोठ्या वर्गांना मी हे नेत नाही, कुणी आग्रह केला तरी. घरीही याचा उपयोग नाही, आमच्याकडे ते शाळेच्या राउटरवरच चालतं. घरी ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरचं बघायला सांगते. दीक्षा २०१७ पासून आहे आणि बालभारतीच्याच धड्यांशी जोडलेलं आहे, म्हणून तिथे शब्दांची अडचण येत नाही. पण माझ्या वर्गात संध्याकाळी स्वतःच्या हातात फोन मिळणारी मुलं निम्मीही नाहीत, आणि त्यांत मुली आणखी कमी.

विज्ञानाचे सर डिसेंबरपासून याच टॅबवर फेटची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, दाखवतात, विजेचं सर्किट जोडण्याचं विशेष. प्रयोगशाळेत बल्ब उडतात, इथे मुलं मनसोक्त चुकीची जोडणी करून बघतात. त्यांचा तास असला की टॅब रिकाम्या बॅटरीनं परत येतात, यावरून आमची अधूनमधून बोलाचाली होते.

काढणी सुरू झालीय. मार्चअखेर सुरगाण्याची माणसं परत जातील. त्या नव्या मुलीचा समच्छेद करण्याचा सराव अर्ध्यावर आहे, शेवटच्या ओळीत दोन बरोबर, एक फुली, एक बरोबर. त्या फुलीचा प्रश्न मी वेगळा काढून ठेवलाय, ३/४ आणि १/६. सोमवारी ती आली की तिथूनच.