घोटा जोडायचा: दुर्बिणीतून की उघडून?

घोट्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, पार झिजली, हाडावर हाड घासू लागलं की सांधा कायमचा जोडून टाकणं हा जुना, भरवशाचा उपाय. दोन्ही पद्धतींत काम तेच: उरलेली कूर्चा खरवडायची, हाडाचा रक्ताळ थर उघडा करायचा, दोन-तीन स्क्रूंनी घट्ट आवळायचं. फरक आहे तो वाटेचा.

दुर्बिणीसाठी घोट्याच्या पुढे साधारण 1 सेंटिमीटरची दोन छिद्रं पुरतात. घोट्यावरची कातडी पातळ, खाली मांस जवळजवळ नाहीच. तिथली मोठी जखम चिघळली तर फार छळते. म्हणून मधुमेह असेल तर मी आधी दुर्बिणीबद्दलच विचारेन. सूज, दुखणं आणि रुग्णालयातला मुक्कामही कमी.

पण पाय खूप वाकडा झाला असेल, हाडच खचलं असेल, तर उघडून करणंच बरं. सर्जनला सगळं सरळ करायला जागा मिळते.

छिद्र लहान म्हणून हाड लवकर जुळेल, अशी आशा मात्र नको. प्लास्टर, कुबड्या, कित्येक आठवडे पायावर भार नाही, हे दोन्हीकडे आहेच. आणि सिगारेट ओढत असाल तर कळकळीने सांगते, आधी ती सोडा; तिच्यामुळे हाड न जुळण्याचा धोका वाढतो.