कैरीच्या जागी ब्रॅम्ली सफरचंद: कुठे चालतं, कुठे नाही

आमच्या नॉटिंगहॅममध्ये कैरी मिळते, नाही असं नाही. पण भाव ऐकून हात आखडतो आणि चिरली की बरेचदा आतून पिवळी निघते. त्यापेक्षा सरळ ब्रॅम्ली घ्या.

हे इथलं खास स्वयंपाकाचं सफरचंद. हिरवंगार, क्वचित एका अंगाला लाली, बसकं, बेढब आणि चांगलं मूठभर मोठं. नुसतं खाल तर दात आंबतील. इंग्रज ते साखर घालून ॲपल पाय, क्रंबल असल्या भाजलेल्या गोड पदार्थांत ढकलतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

पन्ह्याला पैकीच्या पैकी मार्क. कुकरसुद्धा लावावा लागत नाही. साल काढून फोडी करा, दोन चमचे पाणी घालून मंद गॅसवर ठेवा. बघता बघता फोडी फुगतात, फुटतात आणि कापसासारखा गर होतो, रवी फिरवायचीही गरज नाही. गूळ, मीठ घाला, वेलची मात्र सढळ हातानं, कारण कैरीचा तो हिरवा वास याला नाही. शीतगृहात महिनोन् महिने टिकतं, त्यामुळे चैत्रातही अडत नाही.

आंब्याची डाळही झकास होते, पण किसाला पाणी सुटतं आणि तो लगेच काळा पडतो. डाळ भरडून, हिंग-मोहरीची फोडणी गार करून तयार ठेवा आणि सफरचंद अगदी शेवटी किसा.

मेथांबा चवीला फक्कड, रूपाला चटणी. फोड म्हणून औषधालाही उरत नाही. तात्पुरतं लोणचं दोन दिवस बरं लागतं, मग फोडी मऊ पडतात. साखरांब्याचा तर नादच सोडा.

याचं मूळ गाव साउथवेल, आमच्यापासून जवळच. तिथे 1809 मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बी लावलं. पुढे 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं घेतलं. रोपवाटिकावाले हेन्री मेरीवेदर कलमासाठी काड्या मागायला आले, तेव्हा हा म्हणाला, न्या, पण नाव माझं लावा. बी पेरलं पोरीनं, नाव झालं खाटकाचं! मला तर अजून राग येतो.

सुपरमार्केटात पिशवीतून मिळतात ती ठीक. खरी मजा ऑक्टोबरात. ज्यांच्या परसात झाड आहे ते लोक फाटकाबाहेर खोकं भरून ठेवतात, 'हवी तेवढी न्या' अशी चिठ्ठी लावून. घट्ट आणि वजनदार बघून उचला. ठेवणीतल्या फळाची साल तेलकट लागते, ते खराब झालेलं नसतं.

घरी लावायचं असेल तर कलमच आणा, बियांतून हेच फळ येत नाही. शिवाय याचा पराग कुचकामी, म्हणून बागेत सगळ्याच झाडांना फळ धरायला हवं असेल तर दुसऱ्या जातींची दोन झाडं जवळपास हवीत. आमच्या एवढ्याशा अंगणात ते जमणं कठीण, आम्ही आपले खोक्यांवर.