बॅले शाळेची ऑडिशन: मोजमाप चोख, निकालाचं कारण मात्र गुलदस्त्यात

इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी व्यावसायिक बॅले शाळेत शिरायचं तर दार एकच, ऑडिशन. शाळेतले गुण, नृत्याच्या परीक्षांची प्रशस्तिपत्रकं, शिक्षिकेची शिफारस, सगळं त्यापुढे दुय्यम. रिचमंड पार्कातल्या व्हाइट लॉजमध्ये १९५५ पासून भरणारी रॉयल बॅले स्कूल, बर्मिंगहॅमची एल्महर्स्ट, हर्टफर्डशरमधलं ट्रिंग पार्क, चेस्टरची हॅमंड ही त्यातली ठळक नावं. सरकारच्या ‘म्युझिक अँड डान्स स्कीम’मधून पालकांचं उत्पन्न पाहून फीला मदत मिळते ती अशा शाळांमध्ये. हे परीक्षण कुठल्या एका शाळेचं नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे चालणाऱ्या निवडपद्धतीचं आहे. पालक तिच्यासाठी पैसे मोजतात आणि मूल वर्षभर तयारी करतं, तेव्हा इतर कुठल्याही सेवेसारखी तिचीही तपासणी व्हायला हवी.

मत आधीच सांगतो. मुलांना पाहण्याचं काम ही पद्धत चांगलं करते. काय पाहिलं ते सांगण्याचं काम फार वाईट करते, आणि त्या मौनाची किंमत नाकारलं गेलेलं मूल पुढे आपल्या गुडघ्यांनी मोजतं.

पहिली फेरी म्हणजे साधारण तास-दीड तासाचा वर्ग. वीस-पंचवीस मुलं, पुढेमागे टाचणीने लावलेला क्रमांक, टेबलामागे पॅनेल. आधी बारवर, म्हणजे आधाराच्या आडव्या दांडीला धरून, प्लिये (गुडघे वाकवणं) आणि तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं), मग मधल्या मोकळ्या जागेत हातांच्या हालचाली, छोट्या उड्या, शेवटी कर्णरेषेत मोठ्या उड्या मारत जाणं. बऱ्याच ठिकाणी संगीत लावून मुलांना मनाने काहीतरी करायलाही सांगतात. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायचे पॉइंट शूज या वयात नसतातच. सराव मुद्दाम सोपे ठेवलेले असतात आणि ते योग्यच आहे. अवघड काही दिलं तर आठवड्याला चार खासगी शिकवण्या लावलेलं मूल उठून दिसेल, आणि शोधायचं असतं ते पुढे घडू शकणारं मूल.

या वर्गात पॅनेलची नजर कुठे असते ते पाहण्यासारखं आहे. शिक्षिका एका मुलीचा वर चढलेला खांदा बोटाने हलकेच खाली करते आणि पुढे जाते. पुढचा सराव दुसऱ्या बाजूने सुरू होतो. आता तो खांदा कुणी हात न लावता खाली राहतो का? राहिला तर मूल शिकवलेलं धरून ठेवतं, एवढं संगीताच्या त्या आठ मोजणीत कळतं. पाय कानापर्यंत नेण्यापेक्षा पॅनेलला हे मोलाचं असतं. पालकांना मात्र हे कुणी सांगत नाही, म्हणून घरी तयारी होते ती पाय कानापर्यंत नेण्याची.

वर्ग न्याय्य ठेवायला खर्च येत नाही. दर दोन सरावांनी मागची ओळ पुढे आणायची, म्हणजे कुणीही तासभर आडोशाला राहत नाही. बारवर टोकाला उभ्या असलेल्या मुलाला पुढे बघून अनुकरण करायला कुणी नसतं. बाजू बदलल्यावर तो तोटा दुसऱ्या टोकाकडे जातो, म्हणून दोन्ही बाजू पूर्ण करून घ्यायच्या. अनुभवी शिक्षिका हे सांगायच्या आधीच करतात. खरी अडचण क्रमांकाची आहे. क्रमांक नाव झाकतो, चेहरा झाकत नाही. अनेक शाळा शनिवार-रविवारी बाहेरच्या मुलांसाठी ‘असोशिएट’ वर्ग चालवतात आणि त्यातली मुलं पॅनेलच्या ओळखीची असतात. ओळख असणं गैर नाही. दोन वर्षं पाहिलेल्या मुलाबद्दल शाळेला जास्त माहिती असणारच. पण ती माहिती निवडीत धरली जाते का, आणि असोशिएट मुलांना पहिल्या फेरीतून सूट आहे का, हे अर्ज भरण्याआधी लेखी कळायला हवं. ज्या शाळा हे स्पष्ट सांगतात त्यांना या परीक्षणात सरळ जास्त गुण.

पहिली फेरी व्हिडिओवर असेल तर अन्यायाची जागा कॅमेऱ्यात असते. फोनची रुंद लेन्स कडेला येणारे पाय ताणून दाखवते आणि वरून धरलेला फोन पाय आखूड करतो. शरीराची प्रमाणं पाहिली जाणार असतील तर ही साधी चूक नव्हे. फोन आडवा, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, स्टँडवर, चार-पाच मीटर लांब, रुंद मोड बंद. खिडकी कॅमेऱ्याच्या मागे हवी, मुलाच्या मागे नको. काळ्या भिंतीपुढे काळे कपडे घातले तर पायाची रेषाच हरवते. चांगली शाळा सरावांची ठरलेली यादी देते, कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांगते आणि कापाकापी न करता सलग चित्रण मागते. ‘तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा’ एवढंच लिहिणारी शाळा नकळत भाड्याच्या स्टुडिओला आणि भाड्याच्या कॅमेरामनला गुण देत असते.

अंतिम फेरीतली फिजिओची तपासणी हा या साऱ्या प्रक्रियेचा सर्वात नेमका भाग, आणि सर्वात बंदही. मूल पालथं झोपतं, एक गुडघा काटकोनात वाकवलेला. फिजिओ एक तळवा कमरेखाली दाबून धरते, म्हणजे खुबा टेबलावरून उचलला जाणार नाही, आणि नडगी हळूच दुसऱ्या पायाच्या दिशेने झुकू देते. ती जिथे आपणहून थांबते तिथे गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून अंश वाचते. दिसायला पाय आत झुकतो, मोजलं जातं ते खुब्याचं बाहेर फिरणं. बॅलेच्या भाषेत टर्नआउट. मग पावलाची कमान आणि घोटा: पाय ताणला की नडगीपासून बोटांपर्यंत सरळ रेषा होते का. गुडघा मागे किती जातो, पुढे वाकल्यावर पाठीच्या एका बाजूला उंचवटा दिसतो का, उभ्याची उंची आणि बसल्याची उंची. या शेवटच्या दोन आकड्यांवरून मूल वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो.

टर्नआउटची मर्यादा बरीचशी हाडात असते. मांडीच्या हाडाची मान पुढच्या बाजूला वळलेली असते. जन्मतः हा कोन ३० ते ४० अंशांचा, मोठेपणी १५ च्या आसपास. तो ज्याचा जास्त राहिला त्याचा खुबा बाहेर कमी फिरतो. स्नायू मजबूत करता येतात, असलेलं फिरणं पूर्ण वापरायला शिकता येतं, हाड मात्र व्यायामाने वळत नाही. म्हणून हा आकडा पालकांना सांगणं इतकं गरजेचं आहे. ‘या वर्षी जागा देऊ शकत नाही’ एवढाच ईमेल आला की घरात एकच अर्थ निघतो: मेहनत कमी पडली. शिकवण्या वाढतात. मूल पावलं जमिनीवर १८० अंशांत, म्हणजे टाचेला टाच लावून एका सरळ रेषेत, दाबून बसवतं, कारण खुब्यातून जे येत नाही ते दुसरीकडून काढावं लागतं. गुडघा पिळला जातो, पावलाची कमान आतल्या बाजूला कोसळते, दोन वर्षांनी नडगीत आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं. ‘खुब्याचं फिरणं शास्त्रीय बॅलेसाठी कमी आहे, बाकी संगीताची जाण आणि उडी उत्तम’ हे एक वाक्य त्या मुलाला कंटेम्पररीकडे किंवा जॅझकडे वेळेत वळवू शकलं असतं. ते वाक्य फिजिओच्या कागदावर लिहिलेलं असतं.

शाळांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात तिच्या शरीरातल्या उणिवांची यादी देणं घातक आहे, यात शंका नाही. पण पत्र पालकांच्या नावे जाऊ शकतं. शिवाय त्यात वजन किंवा ‘प्रमाणं’ यांबद्दल शब्दही न लिहिता सांध्यांचे अंश, संगीत, समन्वय आणि सूचना आत्मसात करण्याची तयारी यांबद्दल चार ओळी लिहिता येतात. अर्ज खूप येतात ही सबब पहिल्या फेरीपुरती पटते. अंतिम फेरीपर्यंत आलेली मुलं मोजकी असतात आणि त्यांचे कागद भरलेलेच असतात.

आकड्यांच्या अचूकतेवरही फार विसंबू नये. दोन फिजिओंच्या मोजणीत पाचेक अंशांचा फरक सहज पडतो, खोली थंड असली किंवा मूल घाबरलेलं असलं तरी पडतो. तेव्हा मोजणी वॉर्म-अपनंतर होते की आधी, आणि सगळ्या मुलांची एकच फिजिओ करते का, हे विचारावं. सगळ्यांना एकच नियम लागला की निम्मा अन्याय तिथेच टळतो.

वयाचा मुद्दा यापेक्षा मोठा आहे. इंग्लंडमध्ये शालेय वर्षाची रेषा १ सप्टेंबरला पडते. सप्टेंबरमध्ये जन्मलेलं आणि ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात उभं राहतं आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. त्यात मुलींची उंची याच सुमारास झपाट्याने वाढू लागते, मुलग्यांची सहसा दोनेक वर्षं उशिरा. हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात. काल सहज जमणारा तोल आज जमत नाही, मांडीमागचे स्नायू आखडतात. हे वर्षभरात सुधारतं, पण ऑडिशन एका दिवसाची असते. पॅनेलच्या कागदावर क्रमांकाशेजारी जन्ममहिना आणि वाढीचा टप्पा छापलेला असावा, ही आमची ठाम मागणी आहे. त्याला एक रकाना पुरतो.

पैशांबाबत एकच गोष्ट, पण महत्त्वाची. ‘जागा मिळाली’ आणि ‘स्कीमची मदत असलेली जागा मिळाली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मदतीच्या जागा मर्यादित असतात. ईमेलमध्ये यातलं नेमकं कुठलं वाक्य आहे ते न पाहता होकार कळवू नये. त्या वर्षी मदतीच्या जागा किती, मुलींसाठी किती आणि मुलग्यांसाठी किती, हे आधी विचारावं. मुलग्यांचे अर्ज कमी येतात, त्यामुळे दोघांची स्पर्धा सारखी नसते.

बाहेर काय चालतं ते पाहिलं की पारदर्शकता आणि न्याय या दोन गोष्टींतला फरक कळतो. १७३८ साली सुरू झालेल्या सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत तीन फेऱ्या असतात: शरीराची ठेवण, वैद्यकीय तपासणी, मग संगीत आणि अभिव्यक्ती. पद्धत कठोर आहे, पण मूल कुठल्या फेरीत थांबलं यावरूनच कारणाचा अंदाज येतो. १७१३ ची परंपरा सांगणारी, १९८७ पासून पॅरिसजवळच्या नांतेरमध्ये असलेली पॅरिस ऑपेराची शाळा वयाबरोबर उंची-वजनाच्या अटीही ठेवते. अट उघड आहे, तरी इतक्या लहान मुलांना वजनाची अट घालणं आम्हाला मान्य नाही. सगळ्यात अनुकरणीय नमुना स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या स्पर्धेचा, ‘प्री द लोझान’चा. १९७३ पासून चालणारी ही स्पर्धा १५ ते १८ वयाच्या नर्तकांसाठी आहे, शाळेची ऑडिशन नव्हे. पण परीक्षक कलात्मकता, शारीरिक अनुकूलता, धैर्य आणि वेगळेपण, संगीताला दिलेला प्रतिसाद, हालचालींतल्या बदलांची जाण, तंत्र आणि समन्वय पाहतात, हे तिथे जाहीर असतं. असे निकष छापायला अर्धं पान लागतं.

दार उघडल्यावर विषय संपत नाही. प्रवेशानंतर दरवर्षी मूल्यमापन होतं आणि त्यात ‘पुढे ठेवणार नाही’ असं शाळा सांगू शकते. मूल तेव्हा तेरा-चौदा वर्षांचं, वाढीच्या सर्वात अडनिड्या टप्प्यावर असतं. मूल्यमापनाचे निकष, आधी लेखी इशारा मिळतो का, आणि दुसऱ्या शाळेत जागा मिळवायला मदत होते का, हे प्रवेश घेतानाच विचारायचे प्रश्न. इंग्लंडमधल्या खासगी शाळांना तक्रारींची पद्धत ठेवणं बंधनकारक आहे, पण ती शिकत असलेल्या मुलांच्या पालकांसाठी. ऑडिशनला येऊन परत गेलेल्यांना तो आधार नाही.

त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. ‘डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१८’ प्रमाणे स्वतःबद्दलची नोंद मागण्याचा हक्क मुलालाही आहे, आणि मूल लहान असेल तर पालक त्याच्या वतीने मागू शकतात. शुल्क लागत नाही. कायद्यातल्या ‘परीक्षे’च्या व्याख्येत कौशल्य किंवा क्षमता तपासण्याची प्रक्रिया येते. उमेदवाराने स्वतः लिहिलेली उत्तरं मागता येत नाहीत, परीक्षकाचे शेरे मात्र मागता येतात. अर्जात मुलाचं नाव, जन्मतारीख, ऑडिशनची तारीख, ठिकाण आणि क्रमांक लिहावा, आणि ‘दोन्ही फेऱ्यांतले गुण, पॅनेलचे शेरे, फिजिओची मोजमापं आणि मुलाचा उल्लेख असलेले ईमेल’ असं नेमकं मागावं. उत्तराची मुदत एक महिना. गुंतागुंतीच्या प्रकरणात ती आणखी दोन महिने वाढू शकते. निकालाआधी गुण मागितले तर मुदत लांबते, म्हणून अर्ज निकालानंतरच करावा. इतर मुलांची नावं खोडलेली असतील, ते बरोबरच आहे.

यात एकच खाचखळगा आहे. कागद आधीच नष्ट केलेले असतील तर मागण्यासारखं काही उरत नाही. फिजिओची मोजमापं ही आरोग्याची माहिती, कायद्याने विशेष जपायची. ती कशासाठी घेतली आणि किती दिवस ठेवणार, हे शाळेने सांगायला हवं. शुल्क भरण्याआधीच्या ईमेलमध्ये हा प्रश्न पहिला घालावा: पॅनेलचे कागद निकालानंतर किती दिवस ठेवता?