पाचारणावरचा ऑडिओ अभ्यासक्रम: मोशे उत्तम, योना टाळा

पाचारण म्हणजे देवाने माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणं. त्यावरचा हा अभ्यासक्रम संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी म्हणून घेतला. जास्त ऐकते मात्र मीच. मोशेचा धडा अप्रतिम. इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर काढण्याचं काम टाळायला बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या 3 आणि 4 अध्यायांत तो देवापुढे एकामागून एक सबबी मांडतो, ‘मी कोण?’पासून ‘दुसऱ्या कोणाला तरी पाठव’पर्यंत. निवेदक एकही सबब घाईने उरकत नाही. देव रागावतो, पण सोबतीला त्याच्या भावाला, अहरोनाला, देतोच, हे नेमकं पकडलंय.

त्याहून आवडला हनन्या. शौल (पुढचा प्रेषित पौल) येशूवर विश्वासणाऱ्यांना धरायला आलाय हे ठाऊक असूनही दिमिष्कातला (दमास्कसमधला) हा साधा शिष्य आधी देवाला तसं स्पष्ट सांगतो, मग शौल उतरलेल्या घरात जातो, शौलावर हात ठेवतो आणि हाक मारतो, ‘शौल भाऊ’. धैर्य म्हटलं की आपल्याला दावीद आणि गल्याथच आठवतात. हनन्याला कोण विचारतं!

लढाईआधी देवाने कमी करत 32,000 वरून 300 वर आणलेले गिदोनाचे सैनिक दोन वाक्यांत आटोपलेत. योनाचा धडा तर नुसता धाक: पळालास तर शिक्षा! योनाला गिळणारा मासा आहे, पण देवाने त्याला ज्या निनवे शहराकडे पाठवलं त्यावरची दया गायब. पार्श्वसंगीतही नको तिथे वाजतं.

तरुण संघासाठी जरूर घ्या. मुलांच्या वर्गात लावणार असाल तर योना वगळा आणि त्याच्या पुस्तकातला, त्या दयेबद्दलचा चौथा अध्याय स्वतःच वाचून दाखवा.