92,000 रुपयांचं सेकंडहँड डिझेल इंजिन: माझं गेलं, तुमचं जाऊ देऊ नका

इंजिन गरम होतं. आम्ही जुनी इंजिनं विकणाऱ्याच्या यार्डात पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि स्टँडवर लावलेल्या त्या इंजिनच्या हेडवर हात ठेवला तर ठेववेना. गिऱ्हाईक यायच्या आधी कुणी अर्धा तास इंजिन का चालवून ठेवतं, हे वीस वर्षं गाडी वापरणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. गार इंजिन सेल्फवर किती वेळ घेतं, पांढरा धूर किती टाकतं, हे सगळं त्या अर्ध्या तासात झाकलं जातं. विचारलं तर विकणारा म्हणाला, "दादा, सकाळीच एका पार्टीला दाखवलं." मी मान डोलावली.

गाडी आमची 2004 ची ट्रॅव्हलर, डिलिव्हरी व्हॅन. मंडप डेकोरेशनचा धंदा वडिलांपासूनचा. ऑक्टोबरात घाटात इंजिन जाम झालं. आमच्या मिस्त्रींनी सांगितलं, लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंड, हेडचं काम मिळून 94,000 आणि किमान वीस दिवस. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या, लोकांच्या घरची लग्नं. वीस दिवस कुठून आणायचे? म्हणून तयार इंजिन शोधलं. लोभ नव्हता, घाई होती.

त्याने दोन इंजिनं दाखवली. एक नव्या गाडीचं कॉमन रेलचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल फवारणारं, 1,25,000 ला. ते मी नाकारलं आणि ते बरोबरच केलं. कॉमन रेल म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. त्याचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, पॅडलचा सेन्सर हे सगळं त्याच गाडीचं मिळालं नाही तर इंजिन मुकं पडून राहतं, आणि आरटीओत जुन्या आरसीवर दुसऱ्या जातीचं इंजिन चढवणं वेगळीच डोकेदुखी. दुसरं आमच्याच जातीचं, मर्सिडीजच्या ओएम 616 या जुन्या डिझाइनवरचं, यांत्रिक पंपाचं. माउंटिंग तेच, गिअरबॉक्सला तसंच बसतं. "अपघाताच्या गाडीचं, कमी चाललेलं." किंमत 68,000. निवड चुकली नाही, माल चुकला. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण घरचे मलाच म्हणतात की जुनं कशाला घेतलंस.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. ब्लॉकवर इंजिन नंबर ठोकलेला असतो त्या पट्ट्यावर ग्रीस फासलेलं होतं. मी खिशातल्या चिंधीने पुसलं. खाली लोखंड चकचकीत, ग्राइंडरचे गोल ओरखडे अगदी ताजे. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल, त्यातला 8 जरासा तिरका. वरून काळा रंग, तोही आकड्यांच्या खाचेत साचलेला. मी बोट फिरवलं, खाचेची धार बोटाला लागली. "हे काय?" म्हटलं. "गंज होता दादा, रंग मारायला घासला." गंज घासताना आकडे जास्त खोल होत नाहीत. हे वाक्य मला परतीच्या वाटेवर सुचलं. तिथे सुचलं नाही.

10,000 यूपीआयने, 58,000 रोख. "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा," म्हणाला. मी कच्च्या पावतीवर भागवलं. तिच्यावर लिहिलंय: जुने स्पेअर, 1 नग. इंजिन नंबर नाही. पैसे देताना पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या, तो "नको" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. रोख देऊच नका.

टेम्पोभाडं 6,500. बसवणं, क्लच प्लेट, होज पाइप 14,200. ऑइल-फिल्टर 3,300. एकूण 92,000. आणि याच 3,300 च्या ऑइलने सगळं उघडं पाडलं. मिस्त्रींनी जुनं ऑइल काढलं ते काकवीसारखं तार धरून पडत होतं. आवाज दाबायला गिअर ऑइल मिसळलेलं. नवं ऑइल घालून चालवलं आणि खालून ठोक ऐकू आला. ऑइलचं झाकण काढलं तर आतून धूर फुफाट्यासारखा वर. यार्डात इंजिन चालू असताना हे झाकण मी काढलं असतं तर? एका सेकंदाचं काम होतं! कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं: 21, 20, 13, 12 बार. सिलिंडरमधला फरक 3 बारच्या वर नको. हेडच्या बाजूची भेग एपॉक्सीने भरून वर रंग दिलेला. तोवर मी दुसरी गाडी भाड्याने घेतलेली, 19 दिवस, रोज 2,200. ते 41,800 वेगळे.

विकणाऱ्याला फोन केला. दोन दिवस उचलला, नंतर नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. आमच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, हे दिवाणी मॅटर आहे, बसून मिटवा. गुन्हा कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नंबर खोडलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं, निदान वाहनाच्या नोंदीत बघा, एवढंच माझं म्हणणं. चार फेऱ्या झाल्या. एकानेही इंजिनकडे येऊन पाहिलं नाही. आरटीओत मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं कारण सांगून इंजिन बदलाची नोंद नाकारली, बिल नाही म्हणून. ते बरोबरही असेल, पण नंबर संशयास्पद आहे असा माझाच लेखी अर्ज ठेवून घ्यायला तिथे तीन टेबलं फिरलो. मी स्वतः सांगायला आलोय, आणि मलाच चोरासारखं विचारतात, "कुठून आणलं?"

संशयाचा नंबर असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, विम्याचा क्लेम अडकेल. आपला मिस्त्री सोबत असल्याशिवाय जाऊ नका, मी आमच्या मिस्त्रींसाठी एक दिवस थांबलो असतो तर हे झालं नसतं. इंजिन गार असतानाच सुरू करून बघा, व्हिडिओ काढा. पोलीस गुन्हा घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा, मी पाठवलीय.

ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आपण राहतो तिथेच दावा करता येतो. समोरचा म्हणेल, धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे, आणि गाडी मीच चालवतो. ते इंजिन अंगणात ताडपत्रीखाली आहे. रंग खरवडलेला नाही, नंबरचा पट्टा तसाच ठेवलाय, कारण उद्या कुणी तपासायला आलं तर तोच एक पुरावा माझ्याकडे आहे.