गोचं 'एफएमटी' पॅकेज वापरून पाहिलं: रकम सुरेख, रकाना वाकडा

काकांची गुळाची अडत आहे. शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी छापणारा प्रोग्राम मी गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय, त्यामुळे भाषेबरोबर फुकट मिळणाऱ्या, मजकूर-आकडे साच्यात बसवून छापणाऱ्या 'एफएमटी' पॅकेजशी रोजचीच गाठ. पैसे मी पूर्णांकात साठवतो, तेही रुपयांत नाही, पैशांत. पहिल्या पट्टीवर १,२३,४५६.५० च्या जागी १२३४५६५० उमटलं. काका म्हणाले, "गूळ विकलास का सोनं?"

इलाज पंधरा ओळींचा निघाला. 'रकम' नावाचा डेटाचा प्रकार केला आणि त्याला 'स्ट्रिंग' मेथड, म्हणजे छापायचा मजकूर तयार करून देणारं त्याचं स्वतःचं फंक्शन, दिली. रुपयांचे उजवीकडून आधी तीन आकडे तोडायचे, मग दोन-दोन. झालं, 'स्ट्रिंगर' इंटरफेस (अमुक मेथड असावी, एवढाच करार) पूर्ण! तसं कुठे लिहून द्यावं लागत नाही. छापायच्या साच्यात %एस ही खूण असो की %व्ही, दोघंही ती मेथड गपचूप बोलावतात. पूर्णांकाची %डी खूण दिली की मूळ पूर्णांक तसाच येतो, ताळा करायला तोच बरा. मात्र मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं तर कोणी हटकत नाही, पट्टीवर पुन्हा सोनं.

'रकम' हे नाव देवनागरीत चाललं ते त्यात काना-मात्रा नाही म्हणून. 'पैसे' लिहिलं की कंपायलर (प्रोग्राम तपासून चालण्याजोगा करणारा) अडतो, गोच्या नावांत मात्रा बसत नाही. मी हौसेनं स्ट्रक्टमधल्या (पट्टीची सगळी माहिती एकत्र बांधणाऱ्या गठ्ठ्यातल्या) अडतीच्या रकमेच्या फील्डलाही, म्हणजे कप्प्यालाही, 'अडत' नाव दिलं आणि तिथे अख्खी संध्याकाळ गेली. गोमध्ये कॅपिटल अक्षराने सुरू होणारं नावच आपल्या पॅकेजबाहेर दिसतं. आपल्या लिपीत कॅपिटल कुठलं? म्हणजे ते फील्ड खासगी, आणि अख्खं स्ट्रक्ट छापताना खासगी फील्डवर एफएमटी 'स्ट्रिंग' बोलावूच शकत नाही. बाकी आकडे स्वल्पविरामासकट, अडत तेवढी उघडी पैशांत. शेवटी फील्डची नावं मुकाट इंग्रजीत केली.

खरी तक्रार रुंदीची. %-१०एस (दहा घरांचा रकाना, उणे चिन्हामुळे मजकूर डावीकडे) म्हटलं की दहा घरं मोजली जातात ती युनिकोडच्या कोडबिंदूंवर, म्हणजे काना-मात्राही वेगळी धरून. 'हमाली' आपल्याला तीन अक्षरं, त्याच्या लेखी पाच. 'अडत' दोघांच्याही लेखी तीनच. साहजिकच आकडे एकाखाली एक येत नाहीत. यासाठी 'फॉरमॅटर' इंटरफेस आहे. त्याच्या 'फॉरमॅट' मेथडला मागितलेली रुंदी आणि उणे चिन्ह दोन्ही कळतं, मग मात्रा वगळून मोजता येतं. पण एकदा तो घेतला की त्या प्रकारापुरते %एस, %व्ही, %डी सगळे आपल्याच गळ्यात.

पाचपैकी चार तारे. मात्रा वगळल्यावर हमाली, तोलाई सरळ झाल्या, 'क्विंटल'च्या जोडाक्षरानं मात्र अजून दमवलंय. तूर्त तिथे 'क्विं.' छापतो. काकांच्या हाती लिहिलेल्या पट्टीवरही तेच असायचं.