हॅन्स वापरून आठ महिने: मॉडेल शेवटी बघा, पट्टा आधी

मागच्या ऑक्टोबरमध्ये हॅन्स घेतलं, म्हणजे धडकेत डोकं आणि मान सांभाळणारं, खांद्यावर घालायचं रेसिंगचं उपकरण. त्यानंतर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एकदा आणि चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला दोनदा, असे तीन ट्रॅक डे झाले, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचे दिवस. गाडी जुनी पोलो, आत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) घातलेली. रस्त्यावर चालवत नाही, खारघरहून ट्रेलरवर चढवून नेतो. घेण्याआधी महिनाभर मी रात्री जागून मॉडेल्सची तुलना करत होतो. कार्बन की साधं, हे की ते. आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो की मॉडेल सगळ्यात शेवटी बघा.

आधी हे लागतंच कशाला, ते सांगतो, कारण ट्रॅकवर भेटणाऱ्या निम्म्या लोकांना ते पटलेलं नसतं. रोजच्या गाडीतला तीन पॉइंटचा पट्टा धडकेत थोडा ताणला जातो. छाती पुढे जाते, डोकंही तिच्यासोबत जातं, आणि समोर एअरबॅग असते. बकेट सीट (अंगाला घट्ट बसणारी रेसिंगची सीट) आणि सहा पॉइंटचा हार्नेस, म्हणजे सहा ठिकाणी अडकवलेले रेसिंगचे पट्टे, लावले की छाती जागेवर घट्ट राहते. डोक्याला मात्र कुणीच धरलेलं नसतं. डोकं साधारण पाच किलोचं, वर दीड किलोचं हेल्मेट. पन्नास जीची, म्हणजे वजन पन्नास पट वाटेल अशी, धडक बसली तर या साडेसहा किलोंचा ओढा सव्वातीनशे किलोंइतका होतो आणि तो सगळा मानेवर येतो. कवटी मणक्यावर जिथे टेकते, तिथलं हाड त्याने तुटू शकतं. 1994 मध्ये इमोलाच्या ट्रॅकवर रोलंड रात्झेनबर्गर आणि 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या ट्रॅकवर डेल अर्नहार्ट हे रेसर गेले, दोघांनाही कवटीच्या तळाशी हीच दुखापत झाली होती.

म्हणजे हार्नेस लावला आणि हॅन्स नाही घातलं, तर मानेपुरतं बोलायचं झालं तर आपण कंपनीच्या पट्ट्यापेक्षा जास्त धोक्यात आहोत. मी दोन वर्षं तसाच चालवत होतो. हे कळल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

हे उपकरण मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग, यांनी 1980 च्या दशकात तयार केलं. फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचं झालं 2003 मध्ये. मधली इतकी वर्षं लोक ते अवजड आहे, अडचणीचं आहे म्हणून टाळत राहिले. तीच कारणं आजही पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, ऐकू येतात.

हॅन्सची रचना समजली की निवड सोपी होते. खांद्यावर बसणारं जू, त्याच्या दोन फळ्या छातीवर येतात, मानेमागे उभी कॉलर. कॉलरमधून निघणारे टेदर, म्हणजे छोटे मजबूत पट्टे, हेल्मेटला दोन्ही बाजूंनी अडकतात. जू जागेवर धरून ठेवायचं काम खांद्यावरच्या दोन पट्ट्यांचं असतं. त्यामुळे कंपनीच्या तीन पॉइंट पट्ट्यावर हॅन्स चालत नाही, एक खांदा मोकळाच राहतो. ज्यांची गाडी रोज ऑफिसलाही जाते त्यांनी सिम्प्सनच्या हायब्रिडसारखे अंगाभोवती पट्ट्यांनी बांधायचे प्रकार बघावेत. त्यातली काही मॉडेल्स तीन पॉइंटसोबत चालतात. माझ्या एका मित्राने तेच घेतलं आणि त्याच्या गाडीसाठी तो निर्णय योग्य आहे. कार्टिंगमध्ये गळ्यात घालतात ती फोमची रिंग मात्र याच्या जागी धरू नका. ती डोक्याला पुढे जाण्यापासून अडवत नाही.

आता माझी चूक. हॅन्स घरी आलं, मी ते घालून गाडीत बसलो, पट्टे आवळले, सगळं छान वाटलं. तुर्भे एमआयडीसीत ज्यांच्याकडे केजचं काम केलं होतं, त्या मिस्त्रींना दाखवायला नेलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, सीटच्या मागे वाकून बघत होते. म्हणाले, "दादा, पट्टा खांद्यावर बरोबर आहे, पण मागे कुठे चाललाय बघा." हार्नेस बसवणाऱ्याने मागच्या सीटच्या पट्ट्याचे फ्लोअरवरचे बोल्ट वापरले होते. मिस्त्रींनी खांद्याच्या उंचीवर एक सुतळी आडवी ताणली, पट्ट्यावर मोबाइलचं लेव्हल ठेवलं. उतार पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त, खालच्या दिशेने. हा पट्टा धडकेत मला मागे धरण्याऐवजी खाली दाबणार होता, म्हणजे मणका चेपणार. हॅन्ससाठी पट्टा आडव्यापासून फार तर वीस अंश खाली चालतो.

केजला आडवी नळी वेल्ड करायला दोन दिवस गेले. आता उतार साधारण दहा अंश आहे. तेव्हाच पट्टे मागे एकमेकांच्या जवळही घेतले, कारण ते रुंद बांधलेले असले तर जुवावरून बाहेर घसरतात. उजवा तसाच घसरत होता आणि मी मात्र हॅन्सची साइझ चुकली असं समजत होतो.

साइझ मानेच्या घेरावरून ठरते. माझी मीडियम निघाली. दुसरा आकडा अंशांचा, 10, 20, 30 असा. सीट जितकी मागे कललेली तितका मोठा आकडा. साध्या गाडीत सरळ बसणाऱ्याला बहुतेक वेळा 20 लागतो, 30 फॉर्म्युला कारसारखं आडवं बसणाऱ्यांसाठी. स्वस्त मिळतंय म्हणून 30 घेऊ नका, कॉलर हेल्मेटला मागून ढकलत राहते.

हेल्मेटचा खर्च आधीच धरून ठेवा. टेदर अडकवायला हेल्मेटमध्ये एम 6 ची, म्हणजे 6 मिलिमीटरच्या स्क्रूची, आट्यांची जागा लागते. स्नेल एसए 2015 (रेसिंग हेल्मेटचं सुरक्षा मानक) आणि त्यापुढच्या हेल्मेटमध्ये ती कंपनीनेच दिलेली असते. बाइकच्या हेल्मेटला ड्रिलने भोक पाडून अँकर बसवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. कृपा करून हे करू नका. कवच तिथेच कमजोर होतं.

आता रोजच्या वापराचं. पहिल्या ट्रॅक डेला तिसऱ्या सेशननंतर दोन्ही गळपट्टीची हाडं दुखली. पट्टे आवळायचा क्रम चुकत होता. आधी कमरेचा जीव खाऊन आवळायचा, मग हॅन्स नीट बसवून खांद्याचे. हे जमल्यापासून दुखणं गेलं. सरकते टेदर असल्याने डावी-उजवीकडे मान पुरेशी वळते, पिट एक्झिटला, म्हणजे पिटमधून परत ट्रॅकवर येताना, थोडा आरशांवर भरवसा ठेवावा लागतो. दोन लॅपनंतर ते अंगावर आहे हे विसरायला होतं. चेन्नईच्या मार्चमधल्या उन्हात मात्र सूट आणि जू यांच्यामधला घाम असह्य होतो, त्याला उपाय नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पार्किंगमधलं बाबांचं घड्याळ. ते खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आग लागली समज. निघ बाहेर." पहिल्यांदा हार्नेस सोडला, स्टिअरिंग काढलं आणि दाराबाहेर वाकलो तर हॅन्सची कॉलर केजच्या नळीला अडकली. अठ्ठावीस सेकंद. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळ माझ्यासमोर धरलं. मग हनुवटी छातीला लावून खांदा आधी बाहेर काढायचा, हे शिकलो. त्या रविवारी अकरा वेळा बसलो-उठलो. शेवटी बारा सेकंदांवर आलं तेव्हा ते म्हणाले, "आता चहा घे." प्रत्येक ट्रॅक डेच्या आदल्या रविवारी हे आम्ही करतो. ते स्वतःच आठवण करतात.

आता पावसाळा आहे आणि खारघरच्या दमटपणात पॅडिंगला बुरशी धरायला वेळ लागत नाही. पॅड काढून साबणाच्या पाण्याने धुतले, पंख्याखाली दोन दिवस वाळवले, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. हॅन्स कपाटात वरच्या कप्प्यात आहे, टेदर मोकळे, घडी न पडता. जुवावर एसएफआय 38.1 या सुरक्षा मानकाचा स्टिकर आहे, त्यावर तारीख आहे. दर पाच वर्षांनी ते उत्पादकाकडे तपासून घ्यावं लागतं, आणि मोठी धडक बसली तर मुदतीची वाट न बघता आधीच. ती तारीख मी गाडीच्या विम्याच्या तारखेखाली, फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.